हस्तरचे घराणे: कवड्यांच्या पटापासून आर्कमच्या पेटीपर्यंत

आर्कम हॉरर, एल्ड्रिच हॉरर, एल्डर साइन, मॅन्शन्स ऑफ मॅडनेस आणि आर्कम हॉररचाच पत्त्यांचा खेळ या पाच पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्या माणसाला त्यांतला फरक सांगणे कठीण जाते. सगळ्यांवर तोच हिरवट-काळा अंधार, तीच माकुळाच्या पायांची वळवळ, तोच लांब कोटातला, हातात दिवा धरलेला शोधक. गोष्ट घडते तीही एकाच दशकात, १९२०च्या. छापणारी कंपनी एक, पात्रांची नावे तीच, राक्षसही तेच. यांतली कोणती पेटी घ्यावी हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे, आणि बोईसरजवळच्या पामसारख्या गावात राहणाऱ्याला तो जास्तच पडतो. पेट्या परदेशी, म्हणून महाग. आधी कुणाकडे खेळून पाहू म्हटले, तर त्यासाठी बोईसरहून मुंबईकडची गाडी धरावी लागते. पेटीच्या पाठीवरची जाहिरात इथे फारशी कामाला येत नाही. या खेळांची कुळकथा मात्र येते. कोण कोणाच्या पोटी जन्मले, कोणी काय उचलले आणि काय टाकले, हे एकदा कळले की निवडीचा अर्धा घोळ मिटतो. ही कुळकथा बरीच मागे जाते आणि तिची एक फांदी थेट महाराष्ट्रात उतरली आहे. त्या फांदीवर एक नाव पुन्हा पुन्हा भेटते: हस्तर.

आपण आधी पटाकडे वळू, कारण भयाच्या आधी पट आला. सगळे विश्व एका फडक्यावर मांडून त्यातून सोंगटी चालवावी, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. मराठी परंपरा मोक्षपटाचा खेळ ज्ञानेश्वर-निवृत्तिनाथांच्या नावाशी जोडते. जैनांच्या ज्ञानचौपटात ८४ घरे असत, वैष्णव पटांत बहुधा ७२. प्रत्येक घराला नाव: इथे दया, तिथे मत्सर, अमुक लोक, तमुक नरक. सद्गुणाच्या घरात शिडीचा पाय, दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड आणि सगळ्यात वर वैकुंठ. दान कवड्यांचे पडायचे, पण हिशेब कर्माचा चालायचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची गतही अशीच. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, अशी लाखेच्या रोगणाने चकाकणारी १२० गोल पाने. आणि डावाची उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. आकाशात सूर्य आहे की नाही, हे पत्त्यांनाही ठाऊक असायचे. या खेळांत विश्व खेळणाऱ्याला ओळखते. त्याने काय केले, कोणत्या प्रहरी केले, याची कुठे तरी नोंद राहते.

१८९२च्या सुमारास लंडनच्या एफ. एच. एअर्स या खेळणीवाल्याने हा पट इंग्रजी घरांत नेला. सुरुवातीला तिथल्याही घरांवर नीतीचे धडे होते. काटकसरीची शिडी, आळसाचा साप. पुढे तीही चित्रे विरळ झाली, घरांची नावे गळाली आणि उरले १ ते १०० आकडे. तोच खेळ सापशिडी होऊन आपल्या घरी परत आला. वैकुंठाच्या जागी नुसता शंभर. मोक्षपटाची ही अवस्था पाहून हळहळणारे पुष्कळ आहेत, पण आपल्याला इथे एवढेच टिपायचे आहे की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पटावरचे विश्व पुसले गेले आणि त्या रिकाम्या जागेला पुढची नव्वदेक वर्षे मालक नव्हता.

पट रिकामा होत होता, त्याच सुमारास कथेच्या बाजूला निराळीच हालचाल सुरू झाली. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याने १८८६ मध्ये कार्कोसा नावाच्या एका उद्ध्वस्त नगरीची कथा लिहिली आणि १८९१ मध्ये हाइटा नावाच्या मेंढपाळाची. या मेंढपाळाच्या देवाचे नाव हस्तर. देव अगदी गरीब. कळप सांभाळणारा, नवसाला पावणारा. आपल्याकडच्या एखाद्या वेशीवरच्या दैवताने ओळख द्यावी इतका सात्त्विक. १८९४ मध्ये वेल्समधल्या आर्थर मॅकेनची ‘द ग्रेट गॉड पॅन’ आली, तिने जुन्या देवाला भयाचे रूप दिले. मग १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ‘द किंग इन येलो’ हा कथासंग्रह काढला. त्यातल्या काही कथांमागे एक काल्पनिक नाटक आहे. ते जो वाचेल त्याचा तोल जातो. चेंबर्सने बिअर्सची कार्कोसा उचलली, हस्तरही उचलला आणि त्याचे काय करायचे हे मात्र ठरवले नाही. एका कथेत हस्तर म्हणजे ठिकाण वाटते, दुसरीत तो बाज पाळणारा साधा नोकर आहे. देवाचा नोकर व्हायला चारच वर्षे लागली.

पुढे या सगळ्यांना वाचणारा माणूस म्हणजे हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. २० ऑगस्ट १८९० रोजी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात तो जन्मला आणि जवळजवळ सगळे आयुष्य तिथेच काढले. लहानपणापासून खगोलाचे वेड. दुर्बिणीतून पाहणाऱ्या मुलाला आकाश जेवढे मोठे दिसते, तेवढा माणूस लहान दिसू लागतो. लव्हक्राफ्टच्या सगळ्या भयाचे बीज एवढेच. १९२६च्या उन्हाळ्यात त्याने ‘द कॉल ऑफ कथुलू’ लिहिली. ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी ती आधी नाकारली, मग पुन्हा मागवून फेब्रुवारी १९२८च्या अंकात छापली. समुद्राच्या तळाशी एक नगर आहे, त्यात माकुळाच्या तोंडाचे काही तरी अवाढव्य निजले आहे, आणि ते जागे झाले तर माणसाचे काय होईल याची त्याला पर्वा नाही. इथे दैत्याला माणसाचा द्वेषही नाही. तो आपल्याला मोजतच नाही. मोक्षपटाच्या अगदी उलट टोकाला आपण येऊन पोहोचलो: विश्व तेवढेच विशाल, पण चित्रगुप्ताची वही गायब.

त्याआधी सप्टेंबर १९२७ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात त्याची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ आली होती. आकाशातून पडलेल्या दगडातून एक अनोळखी रंग शेतकऱ्याच्या विहिरीत उतरतो. त्या वर्षी फळे मोठी धरतात, चकाकतात, आणि तोंडात घालवत नाहीत. पुढे गुरे, माणसे, जमीन सगळे राखेसारखे होत जाते. अमेरिकेत ही कथा विज्ञानकथा म्हणून वाचली जाते. पाम, कोलवडे, कुंभवली, नवापूर या पट्ट्यातला वाचक ती वेगळ्या नजरेने वाचेल. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. विहीर आणि खाडी नासणे म्हणजे काय, हे इथे कोणाला कथेतून शिकावे लागत नाही. माझ्या मते लव्हक्राफ्टची सर्वोत्तम कथा हीच, आणि गंमत म्हणजे पटावरच्या खेळांनी तिचा उपयोग सर्वांत कमी करून घेतला. रंगाशी लढायचे कसे, हा प्रश्न त्यांना सुटला नसावा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. लव्हक्राफ्टचे भय सगळेच अंतराळातून आलेले नव्हते. सावळ्या खलाशांविषयी, स्थलांतरितांविषयी, मिश्र वंशाच्या माणसांविषयी त्याला शिसारी होती आणि ती कथांत उघड दिसते. जागतिक फँटसी पुरस्कार म्हणून त्याच्या चेहऱ्याचा पुतळा दिला जाई, तो बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर झाला. आजच्या पेट्यांतले शोधक नाना वर्णांचे, नाना देशांचे आहेत, त्यामागे हा इतिहास आहे. मूळ लेखकाने ज्यांना दाराबाहेर उभे केले, त्यांनाच खेळांनी आत बोलावून टेबलावर बसवले.

१५ मार्च १९३७ रोजी लव्हक्राफ्ट वारला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता, जवळ पैसा नव्हता आणि नावही मासिकांपुरतेच होते. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या त्याच्या पत्रमित्रांनी १९३९ मध्ये ‘आर्कम हाउस’ नावाची प्रकाशन संस्था काढून त्याच्या कथा पुस्तकरूपात जगवल्या. डर्लेथने मात्र आणखी एक उद्योग केला. गुरूच्या बेपर्वा विश्वात त्याने सज्जन-दुर्जनांच्या फळ्या पाडल्या, एकेका सत्तेला पंचमहाभूतांतले एकेक तत्त्व वाटून दिले. लव्हक्राफ्टने एका कथेत केवळ नावापुरता उल्लेखलेला हस्तर डर्लेथच्या हाती वायुतत्त्वाचा महाभयंकर देव झाला, कथुलूचा भाऊबंद आणि वैरीसुद्धा. भाऊबंदकीशिवाय पुराण पुरे होत नाही, हे डर्लेथला उमगले होते. लव्हक्राफ्टचे निष्ठावंत यासाठी त्याला अजून माफ करत नाहीत. त्यांचे म्हणणे साहित्य म्हणून खरे आहे. पण खेळाला बाजू लागतात, नावनिशीवार यादी लागते, शत्रूला अंगचे बळ किती हे आकड्यात लागते. डर्लेथने ती यादी करून ठेवली नसती, तर पुढे पट मांडणाऱ्यांची फार पंचाईत झाली असती.

आता ती फांदी, जी आपल्याकडे आली. स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा १९८४ मध्ये ‘वीअर्डबुक’ या छोट्या मासिकात आली आणि पुढच्या वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात. घरात एकटा राहिलेला मुलगा, अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिने तरुणपणी कोणाशी तरी केलेला सौदा. त्या सौद्यातले एक नाव हस्तर. नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठीत आणलेला तिचा अवतार म्हणजे ‘आजी’. धारपांवर परक्या कथा उचलल्याचा आक्षेप जुना आहे. ‘लुचाई’ आणि किंगची ‘सालेम्स लॉट’ यांचे नाते तर कोणापासून लपलेले नाही. पण लव्हक्राफ्टने चेंबर्सकडून घेतले, चेंबर्सने बिअर्सकडून, किंगने सगळ्यांकडून. या घराण्यात उचलणे हाच वारसाहक्क आहे. धारपांचे श्रेय असे, की परकी भीती त्यांनी मराठी घरातल्या माजघरात, जिन्याखाली, बंद खोलीत अशी रुजवली की वाचनालयातून त्यांचे पुस्तक घरी नेणाऱ्याला ती कधी उपरी वाटली नाही.

१९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना धारपांची गोष्ट सांगितली. तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९९७ मध्ये अठराव्या वर्षी त्यांनी पहिला खर्डा लिहिला, आणि चित्रपट पडद्यावर यायला १२ ऑक्टोबर २०१८ उजाडले. ‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले, कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत फिरते, आणि तळघरातल्या गर्भात बसलेल्या, सोन्याच्या आणि धान्याच्या लोभापायी शापित झालेल्या देवपुत्राचे नाव हस्तर. त्याचे नाव घेताच साखळदंडातली म्हातारी झोपी जाते. बिअर्सच्या मेंढपाळाचा गरीब देव सव्वाशे वर्षांत कोकणातल्या वाड्याच्या पोटात येऊन बसला आणि वाटेत त्याने कणकेच्या बाहुल्यांची भूकही मिळवली. हे नाव ऐकताच घराण्याची ओळख पटते.

पुन्हा पटाकडे येऊ. रिकाम्या झालेल्या पटावर विश्व परत आणण्याचे श्रेय एका निराळ्याच खेळाला जाते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. त्यात पटापेक्षा गोष्ट महत्त्वाची होती. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तीत पात्रे होतात. १९८० मध्ये या खेळाच्या देवदेवतांच्या पुस्तकात कथुलूचे मंडळ छापले गेले आणि हक्कांचा प्रश्न आल्यावर पुढच्या आवृत्त्यांतून काढलेही गेले. हक्क होते ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्नियातल्या केऑसियम कंपनीकडे. या कंपनीच्या ‘रूनक्वेस्ट’ खेळासाठी लव्हक्राफ्टच्या स्वप्नभूमीवर एक पुरवणी लिहावी, असा सँडी पीटरसन नावाच्या तरुणाचा बेत होता. त्याच्या गळ्यात अख्खा खेळच पडला. तो १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ या नावाने आला.

या खेळात पीटरसनने जे केले त्यापाशी आपण जरा थांबू, कारण पुढच्या पाचही पेट्यांची नाळ इथे पुरली आहे. तोवर अशा खेळांत पात्र जसजसे खेळेल तसतसे बलवान व्हायचे. पीटरसनच्या पात्राला शरीराच्या बळाबरोबर मनाच्या तोलाचाही आकडा असतो. भयंकर काही दिसले की शतमान फासे टाकायचे. फासा चुकला की तोलातून गुण वजा. साक्षात कथुलू समोर आला तर फासा साधला तरी दहापर्यंत गुण जातात, चुकला तर शंभरापर्यंत. म्हणजे पात्र बहुधा संपलेच. आणि खरी मेख पुढे आहे. निषिद्ध पोथ्या वाचून पात्र जे ज्ञान कमावते, तितक्या गुणांनी त्याच्या तोलाची कमाल मर्यादा कायमची खाली येते. जितके कळेल तितके डळमळेल. मोक्षपटात ज्ञान ही शिडी होती; इथे तीच जागा सापाला मिळाली. कागद, पेन्सिल आणि दोन फासे एवढ्या सामग्रीत लव्हक्राफ्टचा सगळा विचार बसवणारी ही योजना मला या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

या खेळाला एक गोष्ट चालवणारा लागतो. त्याला ‘कीपर’ म्हणतात. असा माणूस सगळ्यांनाच मिळत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रिचर्ड लॉनियस याने ती अडचण पटाने सोडवली. लव्हक्राफ्टच्या कथांतल्या आर्कम गावाचा नकाशा, रस्त्यावर उघडत जाणारी परलोकाची दारे, आणि सगळे खेळाडू एका बाजूला, पट दुसऱ्या बाजूला. १९८७ मध्ये केऑसियमने तो ‘आर्कम हॉरर’ म्हणून छापला. एकमेकांना हरवायचे नाही, मिळून पटाला हरवायचे, ही कल्पना त्या काळी दुर्मीळ होती. पेट्या संपल्या, पुन्हा छापल्या गेल्या नाहीत, आणि हा खेळ बरीच वर्षे जुन्या खेळाडूंच्या आठवणीत राहिला. मधल्या काळात २००० साली जर्मन गणितज्ञ रायनर क्नित्सिया यांचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आला आणि मिळून हरण्यातही मजा असते हे लोकांना पटले.

२००५ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने केविन विल्सनला लॉनियसच्या जोडीला देऊन आर्कम हॉरर नव्याने काढला. भला मोठा पट, शेकडो पत्ते, एका वेळी आठ जण, आणि दर डावाला समोर एक ‘एन्शंट वन’, म्हणजे प्राचीन देव. पेटीतल्या आठांपैकी एक आपला हस्तर. परलोकाचे दार कायमचे बंद करायला इतर वेळी पाच पुरावे मोजावे लागतात. हस्तर समोर असला की आठ. एका देवाचा स्वभाव एका आकड्यात. १८९५चा चेंबर्स, १९४०च्या आगेमागेचा डर्लेथ आणि १९८१चा पीटरसन या तिघांचे सार त्या तीन जादा पुराव्यांत उतरले आहे. फासे कौशल्याइतके टाकायचे, पाच किंवा सहा आला तर यश; ही रीत या घराण्यात पुढेही राहिली.

यानंतर मात्र संततीचा पूर आला, आणि त्याला कायदाही थोडा कारण होता. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क राहतो, म्हणजे २००८ पासून लव्हक्राफ्ट तिथे सर्वांचा झाला. आपल्याकडे तो त्याच्या आधीच मोकळा झाला होता. कथुलूसाठी कोणाच्या दारात जायची गरज उरली नाही. २०११ मध्ये लॉनियस-विल्सन जोडीने एल्डर साइन काढला, त्याच वर्षी कोरी कोनिएच्का याचा मॅन्शन्स ऑफ मॅडनेस आला, २०१३ मध्ये त्याचाच एल्ड्रिच हॉरर, २०१६ मध्ये नेट फ्रेंच आणि एम. जे. न्यूमन यांचा पत्त्यांचा खेळ, २०१८ मध्ये निकी व्हॅलन्सची आर्कम हॉररची तिसरी आवृत्ती. दुसऱ्या कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. साथीच्या रोगाशी लढायच्या ‘पँडेमिक’ला २०१६ मध्ये कथुलूचे कपडे चढले. खुद्द पीटरसनने २०१३ मध्ये वर्गणी गोळा करून ‘कथुलू वॉर्स’ उभा केला. त्यात खेळाडू राक्षसांच्याच बाजूने लढतो आणि हस्तरची फौजही चालवता येते.

आता या भावंडांतला फरक आपल्याला ओळखता येईल. मॅन्शन्सने पीटरसनचा कीपर वारशात घेतला. २०११च्या आवृत्तीत एक मित्र कीपर होऊन बाकीच्यांना छळायचा; २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची खुर्ची टॅब्लेटमधल्या ॲपने घेतली. एका वाड्याची एक रात्र, खोली-खोलीने उलगडणारी. ‘तुंबाड’ आवडलेल्या माणसाला सर्वांत जवळची हीच पेटी. पण बाहुल्यांमुळे ती सर्वांत महाग पडते, आणि वादळात वीज गेली की टॅब्लेट किती चार्ज आहे यावर कथेचा शेवट ठरतो. एल्डर साइनने लॉनियसचे फासे तेवढे घेतले. संग्रहालयातल्या रात्री, दर पाळीला घड्याळ तीन तास पुढे, बाराचा ठोका पडला की संकट. तासा-दोन तासांत डाव संपतो, घरातले सगळे खेळू शकतात. कथा मात्र पातळ.

एल्ड्रिचने २००५च्या आर्कमचा पसारा घेतला आणि गावाच्या जागी पृथ्वी मांडली. शोधक बोटीने, रेल्वेने फिरतात. सॅन फ्रान्सिस्को, लंडन, रोम, इस्तंबूल, शांघाय, टोकियो, सिडनी, ब्युनोस आयरिस. पटावर हिमालय आहे, मुंबई नाही. तरीही मोठ्या पेट्यांत माझे मत याच पेटीला. दुसऱ्या आवृत्तीच्या आर्कममध्ये नियमांची अडगळ फार आहे आणि तिसरीत प्रसंगांची संख्या थोडी. एल्ड्रिचमध्ये प्रवासामुळे प्रत्येक डावाची गोष्ट वेगळी होते. अट एकच: अख्खी दुपार आणि निदान चार माणसे.

आणि इथेच आपल्या गावाचा प्रश्न येतो. औद्योगिक वसाहतीत एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, तिसरा डहाणू लोकलने मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारा. चार माणसे एका टेबलाशी चार तास बसवणे हे कथुलूला झोपवण्यापेक्षा अवघड. आठ जणांची पेटी घेऊन ती वर्षातून दोनदा उघडण्यात अर्थ नाही. शिवाय सगळे पत्ते इंग्रजीत. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचे, अशी रीत पाडावी लागते आणि दोघा-तिघांत ती चांगली जमते.

पत्त्यांचा खेळ या सगळ्यांत शहाणा निघाला तो असा. फाशांच्या जागी त्याने एक पिशवी ठेवली. काहीही करायचे म्हटले की पिशवीत हात घालून एक सोंगटी काढायची. आणि डाव संपला तरी खेळ संपत नाही. कोण वाचले, कोणाचे घर जळले, कोणाच्या मनावर कायमचा घाव राहिला, हे एका कागदावर लिहून पुढच्या डावाला न्यायचे असते. काही निर्णयांमुळे पिशवीतल्या सोंगट्याच बदलतात. मागच्या महिन्यात घेतलेला पळपुटा निर्णय पुढच्या महिन्यात हाताला लागतो. लव्हक्राफ्टने विश्वातून काढून टाकलेली वही या पेटीने परत आणली. देव बेपर्वा राहिले, कर्माची नोंद मात्र पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये या खेळाची ‘द पाथ टू कार्कोसा’ ही मालिका आली आणि तिच्यात चेंबर्सचा पिवळा राजा, बिअर्सची नगरी आणि हस्तर असे तिघेही एकत्र आले. मोक्षपट खेळलेल्या समाजाला या पेटीतला खेळ परका वाटू नये.

तेव्हा पहिली पेटी म्हणून आर्कम हॉररचा पत्त्यांचा खेळ घ्यावा. डाव एक-दोन तासांत आटोपतो, दोघांत उत्तम रंगतो, आणि रात्रपाळीवाला एकटा असला तरी खेळू शकतो. घरात मुले आणि मोठी माणसे मिळून खेळणार असतील तर एल्डर साइन. चौघांची दुपार हमखास मिळणार असेल तरच एल्ड्रिच. पत्त्यांच्या खेळाची मागणी नोंदवताना मात्र साल पाहून घ्या: २०१६च्या मूळ पेटीत दोघांपुरतीच सामग्री आहे, २०२१च्या सुधारित पेटीत चौघांची.